कल्याणपुढचीं चार स्टेशनें

कल्याण हें एके काळीं मोठें बंदर होतें, ही गोष्ट आज कल्याणच्या फलाटावर गर्दींत उभ्या असलेल्या माणसास सांगितली, तर ती त्यास थट्टाच वाटेल. परंतु कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या देणग्यांची नोंद आहे, आणि ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथांतहि या बंदराचें नांव येतें. उल्हास नदीच्या खाडींतून समुद्रावर जाणाऱ्या त्या व्यापाऱ्यांना कर्ज कोणत्या दरानें मिळत असेल, याचा अंदाज आपल्या शास्त्रकारांवरून करतां येतो. कौटिल्य आणि याज्ञवल्क्य या दोघांनींहि असें सांगून ठेविलें आहे कीं, अरण्यांतून माल नेणाऱ्याकडून दरमहा शेंकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याकडून शेंकडा २० व्याज घ्यावें. घरीं बसून व्यवहार करणाऱ्यास याहून पुष्कळच कमी दर होता. हा फरक केवळ सावकाराच्या लोभाचा म्हणतां येणार नाहीं. वाटेंत चोर गांठतील, गलबत बुडेल, आणि व्याज तर राहोच, मुद्दलहि जाईल, या भीतीची ती किंमत आहे. भीतीस आंकडा लावण्याची ही कला अशी फार जुनी आहे. आणि तिच्यावरच प्रस्तुत लेखकाचें पोट चालतें.

विमागणिती हा शब्द अद्याप आपल्या बोलण्यांत रुळलेला नाहीं. आपल्या घरांतून विमा म्हणजे आयुर्विमा असें समीकरणच बसलेलें आहे, आणि तें साहजिकहि आहे. १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास ‘वेस्टर्न इंडिया’ ही आयुर्विम्याची कंपनी काढली. अशा संस्थांनींच मराठी मध्यमवर्गास हप्त्याची संवय लाविली. पुढें १९५६ सालीं, चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री असतांना, आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें. या आयुष्याच्या विम्यांत एक गोष्ट तरी निश्चित असते, ती म्हणजे माणूस केव्हां तरी जाणारच. केव्हां, एवढेंच काय तें गणितानें सांगावयाचें. धंद्याच्या विम्यांत तेवढाहि आधार नाहीं. गुदामास आग लागेलच असें नाहीं, आणि लागली तर सगळें जळेल असेंहि नाहीं. म्हणून आम्हांस दोन प्रश्न विचारावे लागतात : अशी आपत्ति किती वेळां येते, आणि आली म्हणजे केवढें घेऊन जाते? मागील वर्षांचे दावे तपासून या दोन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळीं काढावयाचीं, त्यांचा गुणाकार करावयाचा, त्यांत कचेरीचा खर्च, दलाली आणि अकल्पित प्रसंगासाठीं थोडी शिल्लक मिळवावयाची, म्हणजे दर हजार रुपयांच्या मालावर अमुक रुपये असा दर तयार होतो.

२००६ अखेरपर्यंत या बाबतींत कंपन्यांना फारसें स्वातंत्र्य नव्हतें. आगीच्या विम्याचे दर एका समितीच्या पुस्तकांत धंदेवार छापलेले असत, आणि तेच सर्वांनीं घ्यावयाचे असत. १ जानेवारी २००७ पासून हे दर मोकळे झाले. लगेच कंपन्यांची चढाओढ लागली आणि दर झपाट्यानें उतरले. ते इतके, कीं विमा कंपन्यांचाच विमा उतरविणाऱ्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनला २०१९ सालीं बजावावें लागलें कीं, कांहीं धोक्याच्या धंद्यांत देशभरच्या दाव्यांवरून काढलेल्या खर्चाच्या खालीं दर गेला, तर आम्ही त्यांत भाग घेणार नाहीं. दर मोकळे झाले, तशी दर ठरविणाऱ्यावरची जबाबदारीहि वाढली. आमच्या टेबलावर येते ती केवळ एक ओळ : धंदा, मालाची किंमत आणि पिनकोड. त्या ओळीमागची जागा कशी आहे हें डोळ्यांनीं पाहावें, म्हणून मीं मृगाच्या तोंडावर कल्याणपुढचा मुलूख पायीं हिंडून घेण्याचें ठरविलें. कर्जतकडे जाणाऱ्या गाडीनें निघालें म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशीं चार स्टेशनें ओळीनें लागतात. योगायोग असा कीं, विम्याच्या शास्त्रांतील तीन धडे याच क्रमानें तेथें मांडून ठेविलेले आहेत.

विठ्ठलवाडी मागें पडते न पडते तोंच उल्हासनगर येतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं येथें ‘कल्याण कँप’ नांवाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसून, शेजारून वाहणाऱ्या नदीवरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. लोक मात्र अजूनहि पत्ता सांगतांना ‘कँप नंबर ३’, ‘कँप नंबर ५’ असेंच सांगतात.

दुकान पाहतांना आमच्या धंद्यांत चार गोष्टी पाहण्याचा रिवाज आहे. आंत धंदा कोणता चालतो, इमारत कशाची बांधलेली आहे, शेजार कोणाचा आहे, आणि आग लागलीच तर ती विझविण्याची सोय काय. उल्हासनगरांत या चार गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात, कीं कोणती कोठें संपते हें सांगणें कठीण. खालीं कापडाचें दुकान, वर जीन्स शिवणारीं यंत्रें, त्याच्यावर माल भरलेली खोली. जिन्याखालीं विजेचे मीटर आणि त्यांना टेंकून पुठ्ठ्याचीं खोकीं. शेजारीं फर्निचरवाला, त्याच्याकडे लाकूड, फोम आणि व्हार्निशचे डबे. गल्ली अशी, कीं दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीनें मागें सरावें. कापडवाल्याचा स्वतःचा धंदा फारसा धोक्याचा नाहीं. पण त्याचा दर त्याच्या भिंतीपलीकडच्या व्हार्निशनें ठरतो. त्यांतून येथील कित्येक इमारती परवानगीवांचूनच उभ्या राहिल्या. त्यांना नियमांत आणण्यासाठीं राज्य सरकारला २००६ सालीं या एकाच शहरापुरता निराळा कायदा करावा लागला. ज्या इमारतीचें वय कागदावर सांपडत नाहीं, तिच्या मजबुतीचा अंदाज तिच्या भेगांवरूनच करावा लागतो.

एका वयस्कर कापडव्यापाऱ्यानें मला गादीवर बसवून चहा दिला. विम्याची गोष्ट काढतांच ते हंसले.

“साईं, बँकेनें कर्ज देतांना विमा काढावयास लाविला. तो आहे.”

“किती रकमेचा, शेठजी?”

“कर्ज दहा लाखांचें, म्हणून विमाहि दहा लाखांचा.”

दुकानांतला माल नुसत्या नजरेनें मोजला तरी २० लाखांच्या खालीं नसावा. ही रीत फार सार्वत्रिक आहे, आणि तिचा परिणाम पुष्कळांना दाव्याच्या दिवशींच कळतो. विम्याच्या करारांत सरासरीचें म्हणून एक कलम असतें. २० लाखांच्या मालाचा १० लाखांचाच विमा असेल, तर उरलेल्या निम्म्याचा विमा मालकानें स्वतःच्याच अंगावर घेतला असें धरतात. मग ४ लाखांचा माल जळाला तरी हातांत २ लाखच पडतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या लहान धंद्यांसाठीं ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली आहे, तींत शेंकडा १५ पर्यंतची तूट माफ होते. परंतु निम्म्याची तूट तिच्यांतहि माफ होत नाहीं.

हें समजावून सांगितल्यावर शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या वडिलांचें शिकारपूरला याच्या चौपट दुकान होतें. त्याचे पैसे कोणत्या विम्यानें दिले असते?”

या प्रश्नाचें उत्तर आमच्या शास्त्रांत आहे. पण तें सुखाचें नाहीं. युद्ध, परचक्र, राज्यक्रांति हे प्रसंग पॉलिसीच्या अपवादांतच घातलेले असतात. विमा उभा राहतो तो या भरंवशावर, कीं पुष्कळांनीं थोडें थोडें द्यावें आणि ज्या थोडक्यांवर प्रसंग येईल त्यांनीं तें घ्यावें. जेव्हां सर्वांवर एकाच वेळीं प्रसंग येतो, तेव्हां द्यावयास कोणीच उरत नाहीं. मग तो भार सर्व राष्ट्रानेंच खांद्यावर घ्यावा लागतो. सिंध व पंजाबांत मागें राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून, १९५४ च्या कायद्यान्वयें भारत सरकारनें निर्वासितांना भरपाई दिली. ती गेलेल्या मालाच्या मानानें अपुरी होती. शिवाय तिच्यापूर्वीं कोणीं एका पैचाहि हप्ता भरलेला नव्हता. तरी एकाचें ओझें अनेकांनीं वाटून घ्यावें, हें विम्याचें मूळ तत्त्व तिच्यांत होतेंच. कोष्टकांची हद्द जेथें संपते, तेथून समाजाची हद्द सुरू होते, हा उल्हासनगरचा धडा.

पुढचें स्टेशन अंबरनाथ. येथील शिवमंदिर वालधुनी नदीच्या कांठीं उभें आहे. शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख त्यांत आहे. बाहेरची नक्षी पाहून माणूस आंत शिरतो, तों सभामंडपापुढें गाभाऱ्यांत जाण्यासाठीं त्यास पायऱ्या उतराव्या लागतात. शिवलिंग जमिनीच्या पातळीच्याहि खालीं, थंड काळोखांत आहे. विमागणितीची दृष्टि अशी रुक्ष, कीं त्या काळोखांतहि मला प्रथम सुचलें तें हेंच, कीं येथें पेटण्यासारखें कांहीं नाहीं. सारा दगड. साडेनऊशें वर्षें या इमारतीचा विमा या दगडानेंच उतरविला आहे. शेजारच्या नदीला मात्र असें कोणतेंच कवच मिळालें नाहीं; कारखान्यांच्या सांडपाण्यानें तिचें पाणी असें नासलें आहे, कीं नाकाला पदर लावूनच प्रदक्षिणा करावी.

याच गांवांत, दोन महायुद्धांच्या दरम्यान, स्वीडिश भांडवलावर चालणारा ‘विमको’चा आगपेट्यांचा कारखाना निघाला होता. पुढें दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांची भर पडली, आणि त्यानंतर औद्योगिक वसाहती आल्या. आनंदनगरच्या वसाहतींत आज औषधें, रसायनें, यंत्रांचे भाग अशा नाना जिनसांचे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत. अग्नि हा या गांवचा जुना रहिवासी. आणि आमच्या गणितास तोच सर्वांत मानवतो.

तें कसें, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका वसाहतींत १,००० कारखाने आहेत आणि प्रत्येकांत १० लाखांचा माल आहे. वर्षांत सरासरीनें ४ ठिकाणीं आग लागते आणि दर वेळीं निम्मा माल जातो. एकूण नुकसान २० लाखांचें. तें हजारांत वाटलें तर प्रत्येकाच्या वांट्यास २,००० रुपये, म्हणजे दर हजारीं २ रुपये. येथवर शाळेंतल्या मुलासहि करतां येईल. आतां समजा, त्या ४ आगींपैकीं ३ आगी पेट घेणारीं द्रावणें वापरणाऱ्या २०० कारखान्यांतच लागतात. तर त्यांचा न्याय्य वांटा प्रत्येकीं ७,५०० रुपये, आणि बाकीच्या ८०० जणांचा अवघा ६२५ रुपये होतो. सर्वांकडून सरसकट २,००० घेणारी कंपनी फार दिवस टिकत नाहीं. तें ८०० जण दुसरीकडे जातात आणि तिच्यापाशीं उरतात ते २०० धोक्याचे. म्हणून धंद्यांची वर्गवारी करणें कंपनीस भागच पडतें.

कारखानदार पुष्कळदां म्हणतो, “माझ्याकडे पांच वर्षांत एकदांहि आग लागली नाहीं, मग मला सूट कां नाहीं?” त्यास सांगावें लागतें कीं, वरच्या हिशेबानें शंभरांपैकीं ९८ कारखाने पांच वर्षें आगीवांचून राहतातच. एकट्याच्या अनुभवास वजन येण्यास तो फार मोठा किंवा फार वर्षांचा असावा लागतो. याउलट, त्यानें छताला पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था केली, द्रावणांचीं पिंपें निराळ्या खोलींत ठेविलीं, तर त्यास सूट देण्यास सबळ कारण मिळतें. नशिबाला सूट नाहीं, व्यवस्थेला आहे. दराचा हा उपयोग लोकांच्या फारसा ध्यानांत येत नाहीं. हप्ता कमी व्हावा म्हणून ठेवलेलें पिंप कधीं कामगाराचा जीवहि वांचवितें. हा अंबरनाथचा धडा.

अंबरनाथ सोडल्यावर डोंगर जवळ येतात, हवा बदलते, आणि गाडी बदलापुरास पोंचते. पूर्वीं या वाटेवर येथें घोडे बदलीत असत, म्हणून हें नांव पडलें असें लोक सांगतात. आज येथें बदलतात तीं बिऱ्हाडें. मुंबईंत जागा परवडत नाहीं म्हणून शेंकडों मध्यमवर्गीय कुटुंबांनीं येथें वीस वर्षांच्या कर्जावर घरें घेतलीं आहेत. आमच्या वाचकांपैकींहि कित्येकांचे आप्त येथें असतील. सह्याद्रींत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत-नेरळवरून येऊन या गांवाला वळसा घालते. उन्हाळ्यांत ती इतकी गरीब दिसते, कीं तिच्या कांठचा फ्लॅट ‘नदीचा देखावा’ म्हणून जास्त किंमतीस विकला जातो.

परंतु २६ जुलै २००५ रोजीं, ज्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं या नदीनेंहि आपलें पात्र सोडलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. जुलै २०२१ मध्यें बदलापूरच्या सखल भागांत पुन्हा पाणी शिरलें.

येथें अंबरनाथचें गणित कोलमडतें. पुन्हा तेच १,००० कारखाने घ्या. पण आतां ते नदीच्या खोऱ्यांत आहेत असें समजा, आणि त्यांतील ३०० सखल जागेंत आहेत. वीस वर्षांतून एकदां पूर येतो आणि त्या ३०० जणांचें प्रत्येकीं २ लाखांचें नुकसान करतो. एका रात्रींत ६ कोटी. आगीचा सगळा हप्ता वर्षाला २० लाख. म्हणजे तीस वर्षांचा आगीचा हप्ता एका रात्रींत संपला. आग एका घरीं लागते तेव्हां शेजारी बादली घेऊन येतात; पूर येतो तेव्हां शेजारीहि छपरावर असतो. असें ओझें एका गांवाच्या वर्गणीवर पेलत नाहीं. तें दूरदूरच्या लोकांत वांटावें लागतें, आणि पुनर्विमा म्हणतात तो हाच. आसामचा पूर, तामिळनाडूचें वादळ आणि उल्हासची रात्र एकाच वर्षीं सहसा येणार नाहींत, या आशेवर तो चालतो.

ओझें वांटलें गेलें, तरी त्याची किंमत कोणी तरी द्यावयाचीच असते. त्या ६ कोटींचा वार्षिक वांटा ३० लाखांचा. हजार जणांकडून घेतला तर प्रत्येकीं ३,००० रुपये; केवळ ३०० जणांकडून घेतला तर प्रत्येकीं १०,०००. टेंकडीवरचा म्हणतो, मीं नदीकांठच्याचे पैसे कां भरावे? नदीकांठचा म्हणतो, दहा हजार द्यावयाचे तर मग माझ्या धंद्यांत उरतें काय? आणि दोघांचेंहि म्हणणें खोटें नाहीं. माझ्या व्यवसायांतला खरा कठीण प्रश्न हाच आहे, आणि तो आंकडेमोडीनें सुटत नाहीं.

माझें मत विचारलें तर मी असें म्हणेन : दर खरा सांगावा आणि मदत निराळी द्यावी. दया म्हणून दर लपविला, तर बिल्डर पुढच्या वर्षीं आणखी चार इमारती पाण्यांत उभारतो, आणि त्या खोट्या दराच्या भरंवशावर आणखी शंभर कुटुंबें तेथें येतात. पण खरा दर सांगून हात झटकणें हेंहि पुरें नाहीं. ज्या लोहारकाम करणाऱ्याची तीन पिढ्यांची जागाच नदीकांठीं आहे, त्यानें ती हौसेनें निवडलेली नसते. त्याला पुन्हा उभें करणें हें समाजाचें काम आहे, आणि तें उघडपणें, सरकारी तिजोरींतून व्हावें. दुसऱ्याच्या हप्त्यांत दडवून नव्हे. उल्हासनगरचा धडा बदलापुरास लागू पडतो तो येथें. आणि ज्यानें जोतें उंच केलें, विजेची पाटी कमरेच्या वर नेली, माल तीन फुटांच्या मांडणीवर ठेविला, त्याचा दर उतरलाच पाहिजे. हा अंबरनाथचा धडा.

घर घेणाऱ्या वाचकांना दोन शब्द. पाटबंधारे खातें नदीला दोन रेषा आंखतें : पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. ‘पंचवीस वर्षांतून एकदां’ याचा अर्थ आतां पुढचीं चोवीस वर्षें निर्धास्त असा नाहीं. दर वर्षीं शंभरांत चार, असा तो संभव आहे; आणि वीस वर्षांचें कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरांत एकदां तरी पाणी येण्याचा संभव निम्म्याहून अधिक भरतो. तांबड्या रेषेवरहि तो शंभरांत अठरा आहे. २०२१ पासून घरांसाठीं ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आहे, तींत पुराचाहि समावेश होतो, आणि घरांतील सामानास इमारतीच्या रकमेच्या शेंकडा २० पर्यंत, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतें. विमा घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा काढावा. जमिनीची किंमत त्यांत धरूं नये, कारण जमीन वाहून जात नाहीं.

परतण्यापूर्वीं मी बदलापूरच्या सखल भागांतील एका जुन्या चाळीशीं थांबलों. तिच्या भिंतीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक मातकट रेघ होती. पाणी कोठवर चढलें होतें तें सांगणारी. समोरच्या नव्या इमारतीची भिंत ताज्या पिवळ्या रंगानें लख्ख होती, आणि तिच्यावर अशी रेघ शोधून सांपडली नसती. आमचीं कोष्टकें म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. रंगानें झांकतां येणार नाहीं अशा जागीं ती रेघ लिहून ठेवणें, एवढेंच आमचें काम.